लाटंबार्शाच्या तिठ्यावरचं आरमार

सदाशिव वीस वर्षं भारताच्या आरमारात होता, ही गोष्ट लाटंबार्शात फक्त पाच माणसांना ठाऊक होती. तो स्वतः, त्याची बायको आनंदी, पेन्शनची कागदपत्रं आणणारा पोस्टमन, आणि शिवाय असे दोघे, की ज्यांना ते ठाऊक असूनही पचत नव्हतं. बाकीचा गाव त्याला तारवटी समजायचा. तारवटी म्हणजे परदेशी कंपनीच्या बोटीवर नोकरी करणारा, सहा महिने समुद्रात आणि सहा महिने गावात राहणारा, येताना चॉकलेटं आणणारा माणूस. गोव्यात कुणी बोटीवर गेला की तो असाच गेला असणार, हे लोकांनी कधीचंच ठरवून टाकलंय. सैनिक म्हणजे बंदूक घेऊन डोंगरावर चढतो तो. बोटीवर चढतो तो डॉलर कमवायलाच चढतो.

सदाशिवाचं नशीब असं फुटकं, की प्रत्येक पुरावा त्याच्यावरच उलटायचा. त्याने ओसरीवर गणवेशातला फोटो लावला. गणवेश पांढराशुभ्र. येणारेजाणारे फोटोकडे बघून म्हणायचे, "वेटरचो ड्रेस बरो शिवलेलो आसा हां!" तो वेटर नव्हता, आचारी होता, हे सांगण्यात काही अर्थ नव्हता, कारण निम्मे तारवटी आचारीच असतात. पेन्शन दाखवली तर लोक मान डोलवायचे. "कंपनी बरी गावली तुका. पेन्शनसुद्धा दिता!"

नव्व्याण्णव साली, वर काश्मिरात लढाई पेटली तेव्हा, सदाशिवाची युद्धनौका महिनाभर अरबी समुद्रात दबा धरून होती. घरी पत्र नाही की फोन नाही. पावसाळी समुद्र, बोट पाळण्यासारखी हिंदकळायची, आणि हा बाबा डाळीचं पातेलं दोरखंडाने बांधून अडीचशे माणसांना दोन वेळा गरम जेवण घालत होता. एकदाही, एकाही वेळेला, त्याने थंड जेवण वाढलं नाही. याचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा शौर्यपदक मिळालेल्यांनाही नसेल. ऑगस्टात सुट्टी मिळून घरी आला, तर शेजारची सुमंगला दगडी गडग्यावरून वाकून म्हणाली, "इलंस? ह्या खेपेक चॉकलेटां हाडलंस मां?"

पण खरा घाव बसला तो मुलीच्या लग्नात. सुविधाचं लग्न मये गावी झालं. व्याह्याने मांडवात त्याला हाताला धरून फिरवलं आणि पन्नास पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे व्याही. क्रूझवर शेफ होते." सदाशिवाने पहिल्या दोघातिघांकडे दुरुस्ती केली. चौथ्याकडे व्याह्यानेच पाठीवर थाप मारली. "असूं दे हो, काम तां काम. लाज कसली!" त्या दिवशी पोरीच्या लग्नाच्या पंगतीतून तो न जेवताच उठला. मरायच्या आधी एकदा तरी या गावाने आपल्याला सैनिक म्हणावं, एवढीच एक गोष्ट त्याला आयुष्याकडून हवी होती. घर, शेत, काजूची झाडं, सगळं होतं. हे नव्हतं.

आता ते दोघे. सुभेदार कृष्णनाथ पायदळातला. उंच, मिशाळ, आणि गावाच्या मते लाटंबार्शाने देशाला दिलेला एकमेव वीर. बाबाजी हवाईदलातला सार्जंट. त्याने सारी नोकरी भांडारात स्क्रू मोजण्यात घालवली होती, पण 'हवाईदल' म्हटलं की लोक आपोआप आकाशाकडे बघायचे, त्यामुळे त्याचं भागून जायचं. तिघांची मिळून माजी सैनिक संघटनेची शाखा होती आणि पंचायतीने तिला एक खोली दिली होती. खोलीत मेज एक, कदेलां म्हणजे खुर्च्या तीन आणि स्टोव्ह एक. बैठकीला चहा सदाशिव करायचा, कारण सुभेदाराच्या हातचा चहा म्हणजे शिक्षा होती. खिडकीतून बघणाऱ्या गावाने त्याचाही अर्थ लावला, की सुभेदार आणि सार्जंट देशाचं बोलतात आणि तारवटी त्यांना चहा करून देतो.

कुणी सुभेदाराला थेट विचारलंच, की सदाशिव नक्की कुठे होता, तर सुभेदार मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "बोटीर होतो. रांधी." एवढंच. शब्द खोटा एकही नाही, आणि माणूस मात्र पुरता बुडवलेला.

तर झालं असं, की माजी सैनिकांच्या खात्याने गावोगावी शौर्यस्थळं उभारायची योजना काढली. लाटंबार्शाच्या तिठ्यावर, जिथे तीन रस्ते मिळतात तिथे, तीन दलांची तीन चिन्हं बसणार होती. भंगारात काढलेला एक रणगाडा, एक जुनं सरावाचं विमान आणि युद्धनौकेचा एक नांगर. कंत्राटदाराने तीन चौथरे बांधूनही टाकले. चौथरे बांधून झाल्यावर खात्याला आठवलं की पैसे नाहीत.

पत्र इंग्रजीत होतं, म्हणून बाबाजीने वाचलं. इंग्रजी वाचताना तो चष्मा नाकाच्या टोकावर आणायचा, म्हणजे इंग्रजी जास्त इंग्रजी वाटायचं. खर्चकपातीच्या धोरणानुसार तीनऐवजी एकच वस्तू मिळेल. कोणती, ते शाखेने एकमताने कळवावं. महिनाअखेरपर्यंत एकमत न झाल्यास वस्तू दुसऱ्या गावाला देण्यात येईल.

"एकमत!" सुभेदार म्हणाला. "तां झालांच. रणगाडो."

"रणगाडो कित्याक?" बाबाजीचा चष्मा आणखी खाली आला. "विमान दिसता बरां. पोरां-भुरगीं येतली, फोटो काडतली."

"शौर्यस्थळ आसा तां, जत्रेतला पाळणां नाय. गोवा मुक्त कोणी केलो? पायदळान. सैन्य चलत इलां."

"चलत इलां, कारण आमी आदीच दाबोळीची धावपट्टी फोडून ठेवली होती. नायतर तुमी सीमेर बसान पेज खाय होतास."

"आणि मुरगावच्या बंदरात पोर्तुगिजांची लढाऊ बोट कोणी गप केली?" सदाशिव स्टोव्हजवळून म्हणाला.

दोघांनी मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं, की जणू स्टोव्हच बोलला. एकसष्ट साली सुभेदार पाळण्यात होता आणि उरलेले दोघे जन्मायचे होते, पण गोवा मुक्त केल्याचा मोठेपणा तिघांपैकी एकही सोडायला तयार नव्हता.

"सदाशिवा," सुभेदार समजुतीच्या सुरात म्हणाला, "नांगर चांगली वस्तू आसा. पण ह्या गावात समुद्र खंय? नांगर बघून लोक विचारतले, हो खंयसून वाहून इलो?"

"आणि रणगाडो बघून काय विचारतले? हो जेसीबी कोणाचो, चिऱ्याची खाण खंय म्हणून?"

"तू चाय गाळ."

तीन आठवडे हेच. तीन चौथरे रिकामे पडलेले बघून गावाने ते वापरायला काढले. एकावर कोकमाची सोलं वाळत पडली, दुसऱ्यावर डिचोलीच्या बसची वाट बघणारे बसू लागले आणि उरलेला मधला एका तांबड्या कुत्र्याने घेतला. तो कुणालाच उठवायला तयार नव्हता, म्हणून त्यातल्या त्यात तोच सैनिकी वाटायचा. सदाशिव रोज घरी येऊन आनंदीला बैठकीचा वृत्तांत द्यायचा आणि ती पोळ्यांसारखे शब्द भाजून त्याच्या पानात वाढायची.

"तुमी चाय करणां बंद करा आदी," ती म्हणाली. "हातात किटली घेतलेल्या माणसाचां कोण ऐकता?"

"पण नांगर इलो आनंदी, तर मगे सांगूक लागूचां नाय. रोज येता जाता लोक बघतले. आरमाराचो नांगर. म्हणतले, आपल्या गावात आरमारातलो कोण रे? तर सदाशिव."

आनंदीने त्याच्याकडे बघितलं. असा लहान पोरासारखा चेहरा तिने त्याचा लग्नातच बघितला होता. "मगे हाडा तो," ती म्हणाली. "कसोय हाडा."

महिनाअखेरीला चार दिवस उरले आणि एकमताचा पत्ता नव्हता, तेव्हा बाबाजीनेच तोड काढली. भारत सरकारच्या संरक्षण खर्चातील कपातीचा प्रश्न ग्रामदेवीला विचारायचा. आपल्याकडे सोयरीक, आजारपण, विहीर कुठे खणायची, सगळं तिलाच विचारतात. मग हे का नको? देवीच्या अंगावर पिटकोळीच्या फुलांच्या कळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी कळी आधी पडली तर होकार आणि डावी पडली तर नकार. सुभेदार लगेच तयार झाला. पायदळावर देवीचा विशेष लोभ आहे अशी त्याची खात्री होती.

सोमवारी सकाळी तिघे आंघोळ करून, धोतरं नेसून देवळात उभे राहिले. गुरव गौरेश तिशीचा. एरवी तो साखळी शहरात मोबाईलच्या दुकानात असायचा, पण गाऱ्हाणं घालायला लागला की त्याचा आवाज बापाच्या आवाजाइतका म्हातारा व्हायचा.

"गे माये, गावचे राखणदारणी! आज ही तुजी तीन लेकरां तुज्या पांयांकडे उबी आसत..."

"व्हय गे माये!" तिघे म्हणाले.

"सरकारान हात आखडतो घेतलो. तीन वस्तू देवच्यो, थंय एक देतां म्हणता. रणगाडो, नांगर काय विमान, हेंच्यात ह्या तिगांचां जमणा नाय..."

"व्हय गे माये!"

"जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल आणि हेंच्या टाळक्यात उजेड पाड!"

इथे 'व्हय' म्हणायला तिघेही जरा अडखळले.

आधी कुणाचा प्रश्न, यावर पुन्हा जुंपली. शेवटी दिल्लीच्या संचलनात जो क्रम असतो तोच लावायचा ठरला, म्हणजे आधी पायदळ, मग आरमार, मग हवाईदल. रणगाड्याच्या प्रश्नाला देवीने पाऊण तास घेतला. सुभेदार सावधान उभा. "विचार करता ती," तो म्हणाला. "मोठो निर्णय आसा." आणि तेवढ्यात डावी कळी टपकन पडली.

नांगराचा प्रश्न विचारून गौरेशचं बोलणं संपतं न संपतं तोच उजवी कळी खाली आली.

"पंखो चालू आसा!" बाबाजी ओरडला.

पंखा बंद केला. गौरेशने पुन्हा कळ्या लावल्या आणि पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. आता होकार मिळाल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, असा दंडक. विमानाची पाळीच आली नाही. "हवाईदलाक कोण विचारताच नाय," बाबाजी पायरीवर बसून म्हणाला, आणि त्याच्यासाठी ते अगदी शब्दशः खरं होतं. सदाशिवाने देवीपुढे डोकं टेकलं ते बराच वेळ वर उचललंच नाही. डोळे पुसून होईपर्यंत.

सुभेदार शब्दाचा पक्का. त्याने पत्रावर पहिली सही केली. फक्त सही करताना कागद फाटला.

नांगर आला तो खनिजाच्या टिपरवरून. वाहतुकीचा खर्चही कपातीत गेला होता, म्हणून दोडामार्गचा सखाराम खाणी बंद पडल्यापासून रिकामा उभा असलेला आपला टिपर घेऊन वास्कोला गेला आणि लाल मातीने माखलेला, अडीच टनांचा तो काळाकभिन्न लोखंडी राक्षस घेऊन परतला. क्रेनने तो मधल्या चौथऱ्यावर ठेवला. कुत्र्याने तेव्हा कुठे जागा सोडली. सदाशिवाने स्वतःच्या हाताने नांगर घासला, धुतला, काळा रंग दिला. त्या आठवड्यात तो दिवसातून चार वेळा तिठ्यावर जायचा. घरात साखर असताना साखर आणायला जायचा.

आणि मग दुसरं पत्र आलं. चौथऱ्यावर बसवायची संगमरवरी शिळा, जिच्यावर 'भारतीय नौदल' आणि चार ओळी कोरायच्या होत्या, तिचा खर्च तूर्त स्थगित. सदाशिवाने खात्याला तीन अर्ज केले. उत्तर नाही. मग त्याने ऑइलपेंट आणून ती अक्षरं स्वतःच रंगवली. खात्याचा माणूस मोटरसायकलवरून आला आणि विनापरवाना मजकूर म्हणून ती सदाशिवाच्याच हाताने पुसून घेऊन गेला.

चौथरा कोरा राहिला. नांगर त्याच्यावर एक शब्द न बोलता उभा. गावाने चार दिवस त्याच्याकडे बघितलं आणि पाचव्या दिवशी त्याला अर्थ दिला.

गावातल्या साईश नावाच्या तारवट्याची बायको संजना सकाळीच नवऱ्याला आणि हळदकुंकू घेऊन आली. साईशचं क्रूझवर पुन्हा रुजू व्हायचं पत्र आलं होतं. तिने नांगराला फूल वाहिलं, नारळ फोडला आणि नवऱ्याच्या कपाळाला तिथलंच कुंकू लावलं. सदाशिव समोर उभा होता. तिने त्यालाही नमस्कार केला. "काका, बरां झालां तुमी हो हाडलास. आमच्या बोटवाल्यांक गावात एक देवाचां थळ झालां."

त्याने तोंड उघडलं. पण पोरगी सुखात होती, नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, काय सांगणार? त्याने खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि घरी आला.

महिन्याभरात नांगर जागृत झाला. गुरुवारी हार, शनिवारी उदबत्ती. साईशच्या बोटीवर मांद्रे गावची पोरं होती. त्यांच्या बायका गाडी करून नवस बोलायला येऊ लागल्या. कुणी नांगराला तांबडा कपडा बांधला. ज्याला कागदपत्रं लवकर हवीत त्याने पाच फेऱ्या मारायच्या, असंही ठरलं. कुणी ठरवलं कुणास ठाऊक. सुमंगला तर गडग्यावरून ओरडूनच म्हणाली, "सदाशिवा, तुज्या कंपनीन बरो नांगर दिलो हां!"

"आनंदी," सदाशिव घरात येऊन म्हणाला, "माजां काय चुकलां गो? देवीन दिलो, सरकारान दिलो, मी रंग काडलो. आणि आता मी पयल्यापेक्षा जास्त तारवटी झालंय."

आनंदीला हसू येत होतं आणि रडूही. तिने दोन्ही आवरलं. "उद्घाटन जाताच मां," ती म्हणाली. "थंय सगळ्यांसमोर सांगा. मेडलां लावन जा."

उद्घाटन एकोणीस डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, सकाळी दहाला. मांडव घातला. मंत्री येणार म्हणून रस्त्यातले खड्डे बुजवले. सदाशिवाने पांढरा गणवेश काढला, तो पोटावर बसेना, तेव्हा आनंदीने बाजूने उसवून कापड घातलं. छातीवर तीन मेडलं लावली. सुभेदार हिरव्या कोटात, बाबाजी निळ्या टोपीत. तिघे मांडवात शिरले तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सदाशिव जेवणाचां बघता काय?"

मंत्री अकरा वाजता आले आणि बाराला दुसरीकडे जायचं असल्यामुळे थेट भाषणालाच लागले. त्यांना कुणी काय सांगितलं होतं देव जाणे, किंवा काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी हारांनी लगडलेला नांगर बघितला, मांद्र्याहून आलेली बायकांची गर्दी बघितली आणि लोकांना हवं ते बोलून टाकलं. "आमचे तारवटी बंधू घरदार सोडून सातासमुद्रापलीकडे घाम गाळतात. गोव्याच्या ह्या सुपुत्रांचा आज सन्मान होतो आहे!" टाळ्यांचा कडकडाट. "आणि आज आपल्यात एक ज्येष्ठ तारवटी आहेत. या, सदाशिवजी, या!"

सुभेदार खुर्चीत ताठ बसलेला होता. सदाशिव उठला. त्याच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. आता सांगायचं, एवढं त्याला कळत होतं. कालपासून वाक्य पाठ केलं होतं. मंत्र्यांनीच माईक त्याच्या तोंडासमोर धरला आणि आपुलकीने विचारलं, "कंपनी खंयची तुमची?"

"भारत सरकार," सदाशिव म्हणाला.

मांडव हसला. असा हसला, की मांडवाच्या कनाती हलल्या. मंत्री सगळ्यांत जास्त हसले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. "विनोदी माणूस!" ते माईकवर म्हणाले. पाठ केलेलं उरलेलं वाक्य तसंच राहिलं. तो शाल सावरत जागेवर येऊन उभा राहिला. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, आणि त्याचा विनोद झाला होता.

शेवटी राष्ट्रगीत. सगळे उठले. तिघा माजी सैनिकांनी सॅल्यूट केला, ज्याने त्याने आपापल्या दलात शिकवला तसा. सुभेदाराचा तळवा लोकांकडे, आरशासारखा उघडा. बाबाजीचा तिरपा. सदाशिवाचा जमिनीकडे वळलेला, झाकलेला. पूर्वी जहाजावरच्या माणसाचे हात डांबराने काळे असायचे, ते वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून आरमाराने तळवा खाली वळवला. ही गोष्ट मांडवात तिघांनाच ठाऊक होती.

"बघ गो," सुमंगलेची कुजबुज पुढच्या तीन रांगांना ऐकू गेली. "शेफाक सॅल्यूटय येणा नाय. सुभेदाराचो बघ आणि हेचो बघ. हात पालतो!"

हसू दाबलेलं होतं, पण होतं. रांगेतून रांगेत गेलं. सदाशिवाला ते मानेवर चढताना कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की जाऊ दे. घ्यावा हात वळवून, सुभेदारासारखा धरावा, म्हणजे हे हसणं तरी थांबेल. तळवा हळूहळू वर वळू लागला.

"हात हलवू नको," सुभेदार म्हणाला.

राष्ट्रगीत चालू होतं. सुभेदार कृष्णनाथ, ज्याने राष्ट्रगीतात डास मारला म्हणून स्वतःच्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरला होता, तो समोर बघत, ओठ न हलवता, पण चांगला मोठ्याने बोलत होता. "हलवलंस तर बघ. आरमाराचो हात तसोच आसता."

सदाशिवाचा हात जागच्या जागी थांबला.

राष्ट्रगीत संपलं. मंत्री निघायला वळले. सुभेदार तीन ढांगांत पुढे झाला आणि त्याने त्यांच्या हातातला माईक घेतला, मागितला नाही.

"हसलो कोण?"

सुमंगला पदराचं टोक शोधू लागली.

"हो माणूस तारवटी न्हय. हो सैनिक. वीस वर्सां भारताच्या आरमारात होतो. नव्व्याण्णवात मी वयर बर्फात होतंय, तेव्हा हो लढाईच्या बोटीर समुद्रात होतो. जो सॅल्यूट हेणां मारलो, तो आरमाराचो. चुकलो नाय तो." सुभेदाराने श्वास घेतला. "तुमी माका कितीदा विचारलास, सदाशिव खंय होतो? मी सांगलां, बोटीर. माका सगळां ठावक होतां. सांगूक नाय, कारण माका वाटलां, गावात एक सैनिक पुरो. तो मी."

चौथऱ्यावरचा हार वाऱ्याने हलत होता.

सदाशिवाला आधी काहीच कळेना. मग सगळं एकदम कळलं. वीस वर्षं हा माणूस समोरच्या कदेलावर बसून त्याच्या हातचा चहा प्यायला होता, एका शब्दाने जे झालं असतं तो शब्द मिशीखाली दाबून. मये गावचा तो मांडव, ते पन्नास पाहुणे, ती पाठीवरची थाप, सगळं. त्याला इतका राग आला, की हातातला नारळ फेकून मारावा. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मांडवातला एकेक माणूस उठून त्याच्याकडे बघत होता, त्याच्या मेडलांकडे बघत होता, जसं त्यांनी यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. मागे बायकांच्या रांगेत आनंदी उभी होती. तिने तोंडावर दोन्ही हात धरले होते.

तो सुभेदारासमोर येऊन उभा राहिला. माईक मध्ये होता आणि चालू होता, पण ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"सुभेदार," सदाशिव म्हणाला, "तुमी एक नंबरचे नालायक माणूस आसास."

सगळ्या तिठ्याला ते ऐकू गेलं.

"व्हय," सुभेदार म्हणाला, आणि त्याने माईक मंत्र्यांना परत दिला.